जिवाणू काय खातो, ते आधी विचारा
वाचकांची पत्रं : सूक्ष्मजीवशास्त्र

गेल्या काही अंकांत बहुतेक पत्रं क्लोनिंग आणि जनुकांविषयी येत होती. या वेळी निवडलेली पाचही पत्रं जिवाणूच्या खाण्याची, वाढीची आणि उपासमारीची आहेत. माझं आयुष्यभराचं काम याच विषयातलं असल्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. प्रयोग फसला की पहिला संशय जनुकावर घ्यायची सवय हल्ली फार पसरली आहे. त्याआधी फ्लास्कमधल्या अन्नाकडे आणि हवेकडे बघावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. आजची पत्रं वाचताना तुम्हालाही ते जाणवेल.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात ई. कोलाय या जिवाणूची डायऑक्सी, म्हणजे दोन शर्करा एकामागून एक खाताना दिसणारी दोन टप्प्यांची वाढ, दाखवायची आहे. एम९ या ठरावीक क्षारांच्या माध्यमात थायमिन, ०.०५ टक्के ग्लुकोज आणि ०.१५ टक्के लॅक्टोज घातलं. लॅबमध्ये डीएच५-अल्फा हा स्ट्रेन (वाण) होता, तोच वापरला. प्लाझ्मिड (बाहेरून घातलेलं छोटं वर्तुळाकार डीएनए) काही नाही. ओडी (गढूळपणावरून वाढीचं माप) ०.६ च्या आसपास जाते आणि आडवी होते. सकाळपर्यंत थांबलो तरी दुसरी चढण येत नाही. लॅक्टोजची बाटलीही बदलून पाहिली.

उत्तर : बाटलीत काही दोष नाही. तुमचा स्ट्रेन लॅक्टोज खाऊच शकत नाही.

डीएच५-अल्फा क्लोनिंगसाठी घडवलेला आहे. त्याच्या गुणसूत्रातला लॅक ऑपेरॉन, म्हणजे लॅक्टोज वापरणाऱ्या जनुकांचा गट, मूळ जागेवरून काढून टाकलेला आहे आणि लॅक्टोज तोडणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचा एक अपुरा भाग दुसऱ्या जागी बसवलेला आहे. प्लाझ्मिडवरून उरलेला तुकडा मिळाला की दोन्ही मिळून एन्झाइम काम करू लागतं आणि एक्स-गॅल या रंग देणाऱ्या पदार्थाच्या प्लेटवर निळी वसाहत दिसते. प्लाझ्मिड नसेल तर लॅक्टोज कितीही असो, हा जिवाणू उपाशीच राहणार.

तुमचा आलेख मात्र अगदी खरा आहे, तो फेकू नका. ०.०५ टक्के म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम ग्लुकोज. हवा भरपूर असेल तर ई. कोलाय खाल्लेल्या ग्लुकोजच्या साधारण निम्म्या वजनाचं कोरडं शरीर बांधतो, म्हणजे लिटरला पाव ग्रॅम. ओडी १ म्हणजे ढोबळमानाने लिटरला ०.४ ग्रॅम कोरडं वजन. भागाकार केला की ०.६ येतं, आणि तुमची ओडी तिथेच थांबली. ग्लुकोजचा शेवटचा कण संपेपर्यंत जिवाणू वाढला आणि थांबला. इतकं स्वच्छ उत्तर देणारा कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) तुमच्या हातात आपसूक आला आहे. आता एमजी १६५५ सारखा लॅक्टोज खाणारा के-१२ (प्रयोगशाळांतलं ई. कोलायचं नेहमीचं घराणं) स्ट्रेन मिळवा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावा.

लावताना तीन गोष्टी सांभाळा. ओव्हरनाइट, म्हणजे आदल्या रात्रभर वाढवलेलं, कल्चर एलबी या अमिनो आम्लांच्या माध्यमात वाढवू नका, एम९ ग्लुकोजमध्येच वाढवा. नाहीतर एलबीतली अमिनो आम्लं सोबत येतात आणि पहिला टप्पा गढूळ होतो. दुसरं, ओडी ०.४ झाली की दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्या. मधला थांबा कधी कधी अर्धा तासही टिकत नाही, अर्ध्या अर्ध्या तासाने मोजणाऱ्याच्या तो हाताला लागत नाही. तिसरं, वाढ थांबली की थोडं कल्चर वेगळ्या नळीत काढून त्यात चिमूटभर ग्लुकोज घाला. वाढ लगेच सुरू झाली तर कर्बच संपला होता हे सिद्ध होतं. हा छोटा प्रयोग प्रबंधात घातलात तर परीक्षक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

आता कारणाकडे. झाक मोनो यांनी १९४० च्या सुमारास पॅरिसमध्ये दोन शर्करांच्या मिश्रणात हा दोन टप्प्यांचा आलेख पाहिला आणि तो आंद्रे ल्वॉफ यांना दाखवला. याचा संबंध एन्झाइमच्या अनुकूलनाशी असू शकेल, असं ल्वॉफ यांनी सुचवलं. तिथून सुरू झालेली वाट १९६५ च्या नोबेलपर्यंत गेली. ते मोनो, ल्वॉफ आणि फ्रान्स्वा जाकोब यांना मिळून देण्यात आलं.

पाठ्यपुस्तकात पुढचं स्पष्टीकरण असं असतं : ग्लुकोज असताना सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू कमी, म्हणून लॅक ऑपेरॉन बंद. ते अपुरं आहे आणि ते बदलायला हवं असं मला कळकळीने वाटतं. हिरोजी आयबा यांच्या गटाने १९९६ मध्ये दोन्ही टप्प्यांत सायक्लिक एएमपी मोजलं. ग्लुकोजवर वाढताना आणि पुढे लॅक्टोजवर वाढताना ते जवळपास सारखंच निघालं, मधल्या थांब्यातच काय ते वाढलेलं होतं. ग्लुकोज असताना लॅक्टोजचा मार्ग अडतो तो मुख्यतः दारातच. ग्लुकोज आत घेणारी फॉस्फोट्रान्स्फरेज यंत्रणा प्रत्येक रेणूला आत येता येता फॉस्फेट चिकटवते. ग्लुकोज वेगाने येत असेल तर या यंत्रणेतल्या एका प्रथिनाचा फॉस्फेट सतत खर्च होत राहतो, आणि फॉस्फेट नसलेलं हे प्रथिन लॅक्टोजच्या वाहकाला जाऊन चिकटतं. वाहक अडला की लॅक्टोज आत येत नाही, मग ऑपेरॉन उघडण्याचा निरोपही येत नाही. तुमच्या चर्चेच्या प्रकरणात हे नक्की लिहा.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये सगळे प्रयोग एलबीत, ओडी ०.६ ला, ‘मिड-लॉग’ (स्थिर वेगाच्या वाढीचा, म्हणजे लॉग फेजचा, मध्य) म्हणून करतात. एका सिनियरचं म्हणणं, ०.६ म्हणजे लॉग फेज नव्हेच. मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : सिनियरचं ऐका.

एलबी माध्यम जुझेप्पे बेर्तानी यांनी १९५१ मध्ये फाज (जिवाणूंचे विषाणू) जिवाणूत सुप्त राहतात, त्या लायसोजेनीवरच्या कामासाठी वापरलं. जिवाणूच्या शरीरक्रियेचा अभ्यास करण्यासाठी ते घडवलेलं नव्हतं. त्यात लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन आणि ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं. वास भरपूर, रंग गडद, म्हणून ते ‘श्रीमंत’ वाटतं. पण शर्करा त्यात जवळपास नसतेच. ई. कोलाय त्यातली अमिनो आम्लं एकामागून एक खातो. एक संपलं की दुसऱ्याकडे, त्यासाठी नवी एन्झाइमं, पुन्हा नवा वेग. अमिनो आम्लांतला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो, म्हणून वाढ झालेल्या एलबीचा पीएच चढलेला दिसतो. सेझोनोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे नीट मोजून दाखवलं : एलबीत स्थिर वेगाची वाढ ओडी ०.३ च्या आसपासच संपते. त्यानंतर वेग उतरत जातो आणि पेशी लहान होत जातात. अर्धलॉग कागदावर डोळ्यांना रेषा सरळ दिसते, कारण चार बिंदूंतून कोणतीही रेषा सरळच दिसते.

आणखी एक हिशोब करून पाहा. ओव्हरनाइट कल्चर ओडी ३ चं होतं, ते शंभरपट पातळ केलंत, म्हणजे ०.०३ पासून सुरुवात. ०.६ ला पोहोचायला फक्त वीसपट वाढ लागते, म्हणजे चार पिढ्या आणि थोडी वर. काल रात्री उपासमारीत बनलेली टिकाऊ प्रथिनं अजून विसावा हिस्सा शिल्लक आहेत. तुम्ही प्रोटिओमिक्स (पेशीतल्या सगळ्या प्रथिनांची मोजणी) करणार असाल तर हा विसावा हिस्सा तुमच्या यादीत ‘नवा शोध’ म्हणून उगवेल.

कोपनहेगनमध्ये शेख्टर, मालो आणि केल्गो यांनी १९५८ मध्ये साल्मोनेला वेगवेगळ्या अन्नाच्या अनेक माध्यमांत वाढवला. त्या कामावर माझं फार प्रेम आहे. पेशीचा आकार, तिच्यातलं डीएनए, आरएनए, प्रथिन हे सगळं वाढीच्या वेगाप्रमाणे ठरतं. तो वेग कोणत्या अन्नातून आला याला महत्त्व नाही, असं त्यांना दिसलं. तापमान बदलून वेग कमीजास्त केला तर मात्र पेशीची घडण बदलत नाही. हे शक्य झालं कारण त्यांनी कल्चर पुन्हा पुन्हा पातळ करत दीर्घकाळ एकसारख्या वाढीत ठेवलं होतं. तुम्हीही तेच करा. हजारपट पातळ करा, ओडी ०.१ ते ०.२ दरम्यान पेशी काढा आणि जमेल तिथे एलबी सोडून ठरावीक घटकांचं माध्यम घ्या. पेशी कमी मिळतील. मग मोठा फ्लास्क घ्या.

फ्लास्कवरून आठवलं : तो एक पंचमांशापेक्षा जास्त भरू नका आणि रीडिंगसाठी शेकर बंद करून गप्पा मारू नका. ३७ अंशांना हवेने संपृक्त माध्यमात ऑक्सिजन लिटरला जेमतेम ०.२ मिलिमोल विरघळतो. ओडी १ चं जोमदार कल्चर तेवढा दोन मिनिटांत संपवतं. शेकर बंद ठेवून तुम्ही सगळ्यांची रीडिंग्ज घ्याल तोवर फ्लास्कमधला जिवाणू किण्वनाकडे वळलेला असेल.

प्रश्न : मी फर्मेंटरवर (जिवाणू वाढवायच्या टाकीवर) काम करतो. ई. कोलायमध्ये एक प्रथिन बनवतो. डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन कधीच ४० टक्क्यांखाली जात नाही, तरी ॲसिटेट साठतं आणि इंडक्शननंतर (प्रथिन बनवायला सुरुवात करून दिल्यावर) जास्तच. हवा वाढवून उपयोग झाला नाही. ऑक्सिजन असताना जिवाणू अर्धवट जळलेलं अन्न बाहेर का टाकतो?

उत्तर : हवा आणखी वाढवू नका, तिचा इथे संबंध नाही. ॲसिटेट येतं ते ग्लुकोज फार वेगाने आत जातं म्हणून.

ग्लुकोज पूर्ण जाळलं तर प्रत्येक रेणूमागे कितीतरी जास्त एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतं, हे खरं. पण पूर्ण जाळण्यासाठी लागणारी यंत्रसामग्री, म्हणजे क्रेब्स चक्राची एन्झाइमं, आवरणातली श्वसनसाखळी, एटीपी सिंथेज, हे सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं आणि ते वजनदार असतं. टेरी ह्वा यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की तेवढ्याच वजनाच्या प्रथिनांतून ॲसिटेटचा मार्ग श्वसनाच्या साधारण दुप्पट एटीपी देतो. भराभर वाढणाऱ्या पेशीला प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमसाठी प्रथिनांचा मोठा वाटा राखावा लागतो. ठरावीक जागेच्या कारखान्यात मोठी यंत्रं बसवली की कामगारांना उभं राहायला जागा उरत नाही, तसंच हे. साखर मुबलक असताना पेशी साखर उधळते आणि प्रथिन वाचवते. प्रयोगात ही सीमा अगदी ठळक दिसते. वाढीचा वेग ताशी ०.७५ च्या वर गेला, म्हणजे दुपटीचा काळ साधारण ५५ मिनिटांपेक्षा खाली आला, की ॲसिटेट सुरू होतं आणि वेगाबरोबर चढत जातं.

‘इंडक्शननंतर जास्तच’ हे तुमचं निरीक्षण मला सर्वांत मोलाचं वाटलं. त्याच गटाने पेशीला तिच्या काहीच कामाचं नसलेलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज भरपूर बनवायला लावलं, तेव्हा पूर्वी ॲसिटेट येत नसे अशा कमी वेगालाही ते येऊ लागलं. तुमचं प्रथिन तुमच्यासाठी मौल्यवान आहे, जिवाणूसाठी तो निव्वळ बोजा आहे. त्याने जागा अडवली की श्वसनाची यंत्रणा आधी आक्रसते. म्हणून इंडक्शनच्या वेळी फीड (टाकीत सोडत राहायचं ग्लुकोज) आहे तसाच ठेवणं हे ॲसिटेटला आमंत्रण आहे. तेव्हा तो कमी करा.

इंडक्शनच्या आधीही फीड असा बांधा की वाढीचा वेग ताशी ०.१५ ते ०.३ च्या दरम्यान राहील आणि ब्रॉथमध्ये (टाकीतल्या द्रवात) ग्लुकोज जवळपास शून्य असेल. ते ग्लुकोज खरंच शून्य आहे का, हे ओळखायला महागडं उपकरण नको. फीडचा पंप थोडा वेळ बंद करा आणि ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत उभे राहा. आकडा काही सेकंदांत उसळला तर पेशी हातातोंडाशी खात होत्या, सगळं ठीक आहे. उसळायला मिनिटं लागली तर ब्रॉथमध्ये ग्लुकोज किंवा ॲसिटेट शिल्लक आहे आणि तुम्ही जास्त भरवता आहात. पडद्यावरचे दहा आलेख बघण्यापेक्षा ही एक उसळी जास्त सांगते. स्ट्रेन बदलणं शक्य असेल तर बीएल२१ घेऊन पाहा. जेएम१०९ सारख्या के-१२ स्ट्रेनपेक्षा तो ॲसिटेट कमी साठवतो, कारण आलेलं ॲसिटेट तो वाढता वाढता परत वापरतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो असं आमच्या पुस्तकात आहे. दुसरीकडे वाचलं की त्याचं डीएनए कॉपी व्हायला ४० मिनिटं लागतात. दोन्ही खरं कसं असेल?

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि हा प्रश्न तुला पडला याचं मला कौतुक वाटतं. डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आहेत. एका ठिकाणाहून दोन यंत्रं दोन दिशांनी निघतात आणि प्रत्येक सेकंदाला साधारण एक हजार अक्षरं उतरवते. तू स्वतः गणित कर, अडतीस-चाळीस मिनिटं येतील. शिवाय कॉपी संपल्यापासून पेशी दुभंगेपर्यंत आणखी २० मिनिटं लागतात. म्हणजे एकूण एक तास. स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये याचा उलगडा केला : पहिली कॉपी पूर्ण व्हायच्या आतच दुसरी सुरू होते, मग तिसरी. आत्ता दुभंगणाऱ्या पेशीच्या डीएनएची नक्कल तिच्या आजीच्या पेशीत सुरू झालेली असते. त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशीत सुरुवातीच्या टोकाजवळच्या जनुकांच्या प्रती शेवटच्या टोकाजवळच्या जनुकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. याचं चित्र काढून बघ, फांद्यांना फांद्या फुटलेल्या दिसतील.

प्रश्न : मी निदान प्रयोगशाळेत आहे. ताज्या कल्चरवर ॲम्पिसिलिन टाकलं की ई. कोलाय भराभर मरतात. ओव्हरनाइट कल्चरवर तेवढंच टाकलं तर बहुतेक तगून राहतात. तगलेले ताज्या माध्यमात वाढवून पुन्हा तपासले तर एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) पूर्वीइतकीच. याला रेझिस्टन्स म्हणायचं का?

उत्तर : नाही. रेझिस्टन्स असता तर एमआयसी चढली असती आणि तो गुण पुढच्या पिढ्यांत उतरला असता. तुमचे जिवाणू तेच आहेत, फक्त उपाशी आहेत.

ॲम्पिसिलिन पेशीभित्तीचं बांधकाम बिघडवतं. बांधकामच थांबलेलं असेल तर बिघडवायला काही उरत नाही. अमिनो आम्लं संपली की पेशीत पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू साठतो. मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना १९६९ मध्ये तो क्रोमॅटोग्राफीत अनपेक्षित ठिपका म्हणून दिसला. त्याच्या आज्ञेने रायबोसोमची निर्मिती थांबते. भरल्या पोटी वाढणाऱ्या पेशीत सुमारे ७० हजार रायबोसोम असतात, शंभर मिनिटांना एकदा दुभंगणाऱ्या पेशीत जेमतेम ७ हजार. ओव्हरनाइट कल्चरमधली पेशी याच्याही पुढे गेलेली असते.

ताज्या कल्चरमध्येही थोड्या पेशी तगतात. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पेनिसिलिन आणि स्टॅफिलोकोकसमध्ये हेच पाहिलं आणि अशा पेशींना पर्सिस्टर म्हटलं. नतालिए बालबान यांच्या गटाने २००४ मध्ये एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत दाखवलं की पर्सिस्टर होणाऱ्या पेशी औषध यायच्या आधीपासूनच संथ असतात. रुग्णाला औषध दिलं, बरं वाटलं, पुन्हा तोच संसर्ग उलटला आणि अहवालात मात्र ‘सेन्सिटिव्ह’. असे अहवाल तुमच्या हाताखालून गेले असतील. त्यातल्या काहींमागे ही संथ पेशी असू शकते. म्हणून एमआयसी ठीक आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानून चालत नाही.

जेंटामायसिन या प्रतिजैविकाची गोष्ट निराळी आहे. ते आत शिरण्यासाठी पेशीच्या आवरणावरचा विद्युत दाब लागतो आणि तो मुख्यतः श्वसनातून येतो. ऑक्सिजनशिवायच जगणाऱ्या जिवाणूंवर ते चालत नाही, याचं कारणही हेच. २०११ मध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने ई. कोलायच्या पर्सिस्टरना जेंटामायसिनसोबत मॅनिटॉलसारखी शर्करा दिली. पेशी वाढू लागल्या नाहीत, पण दाब तयार झाला, औषध आत गेलं आणि त्या मेल्या.

तुमच्याकडे हे करून बघता येईल. ओव्हरनाइट कल्चर सेंट्रिफ्यूज करा, पेशी कर्ब नसलेल्या एम९ मध्ये मिसळा आणि चार नळ्या करा : नुसती, फक्त मॅनिटॉल, फक्त जेंटामायसिन, दोन्ही. नळ्या हलत्या ठेवा, कारण श्वसनाला ऑक्सिजन हवाच. दोन तासांनी पेशी धुऊन औषध पूर्ण काढा, पातळ करून प्लेटवर पसरा आणि वसाहती मोजा. प्लेट चोवीस तासांनी एकदा आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा मोजा. उपाशी पेशींच्या वसाहती उशिरा उगवतात, आणि पहिल्याच दिवशी प्लेट टाकून दिली तर त्या मेलेल्यांत धरल्या जातात.